दुधाळ्याच्या माळावर जगाचे बिऱ्हाड

आज 1 मे. महाराष्ट्राचा स्थापना दिवस, कामगारांचा दिवस आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याचा वाढदिवस. 1999 साली याच तारखेला हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे तालुके परभणीतून वेगळे निघाले आणि त्यांचा जिल्हा झाला. त्याला पाव शतक उलटून गेले. दर वर्षी या दिवशी ध्वजवंदन होते, भाषणे होतात आणि सिंचनाचा अनुशेष, उद्योगांची वानवा, पुण्या-मुंबईकडे निघालेली तरुण पोरे हे विषय पुन्हा निघतात. ते निघायलाच हवेत. पण या वाढदिवशी आम्हाला आणखी एका गोष्टीबद्दल बोलायचे आहे. येत्या काही वर्षांत या जिल्ह्यात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून माणसे कामाला येणार आहेत. त्यांना आपल्यासोबत आणि आपल्याला त्यांच्यासोबत काम करावे लागणार आहे. त्याची तयारी दोन्ही बाजूंनी करावी लागते, आणि ती इमारत उभी राहिल्यावर करून भागत नाही.

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या पोटात निर्वात नळ्या, टोकांना आरसे आणि त्यांवर ये-जा करणारा लेझरचा किरण. विश्वात दूर कुठे कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात उमटणारी थरथर, म्हणजे गुरुत्वीय लहर, या नळ्यांमध्ये मोजायची. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी एवढा फरक टिपायचा असतो. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरी लुइझियानात लिव्हिंगस्टनला. इटलीत पिसा शहराजवळ ‘व्हर्गो’ आहे, जपानात ‘काग्रा’ आहे. लहर नेमकी कोणत्या दिशेने आली हे कळायला पृथ्वीवर एकमेकांपासून लांब अंतरावर अशा वेधशाळा लागतात. अमेरिकेकडील तिसऱ्या संचासाठी आधी ऑस्ट्रेलियाचा विचार झाला होता. तिथे पैशाची जुळणी झाली नाही आणि 2011 नंतर भारताचे नाव पुढे आले. 17 फेब्रुवारी 2016 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, 31 मार्चला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी करार झाला आणि 6 एप्रिल 2023 रोजी 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. उपकरणाचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे, जागा, इमारत, निर्वात नळ्या आणि माणसे भारताची. पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय एवढ्या घरच्या संस्था, आणि पलीकडे अमेरिकेतल्या कॅलटेक व एमआयटी.

म्हणजे हे काम सुरू होण्याआधीच त्यात निदान पाच-सहा तऱ्हेच्या कामाच्या रीती आल्या. अणुऊर्जा विभागाची शिस्त वेगळी, विद्यापीठातल्या संशोधकाचा मोकळेपणा वेगळा, बांधकाम ठेकेदाराचे गणित वेगळे, अमेरिकी प्रयोगशाळेची बैठक वेगळी. आणि दुधाळ्याच्या शेतकऱ्याचे वर्ष तर पाऊस, खरीप, हळद आणि लग्नसराई यांच्या हिशेबाने चालते. या सगळ्यांना एका कामाला जुंपायचे तर त्याचे नेतृत्व करणाऱ्याकडे केवळ भौतिकशास्त्र किंवा व्यवस्थापनाची पदवी असून चालत नाही. परक्या रीतीच्या माणसासोबत काम करता येणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती शिकावी लागते.

ही विद्या उपयोगाला कशी पडते, ते मूळ अमेरिकी लायगो प्रकल्पाच्या इतिहासात दिसते. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली. हिंगोलीत तेव्हा दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती, लिव्हिंगस्टनला पहाटेचे पाचही वाजले नव्हते आणि हॅनफर्डला त्याहून दोन तास मागची रात्र होती. यंत्रे अमेरिकेत, पण तो संकेत पहिल्यांदा पाहिला जर्मनीत हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेत बसलेल्या मार्को ड्रागो या तरुण इटालियन संशोधकाने. संकेत इतका ठसठशीत होता की त्याला तो खरा वाटेना. त्याच संस्थेतल्या अँड्र्यू लंडग्रेन यांना त्याने दाखवला, दोघांनी अमेरिकेतल्या दोन्ही नियंत्रण कक्षांना फोन लावले, लिव्हिंगस्टनला फोन उचलला गेला. तिकडे सगळे ठीक चालले होते. मग ड्रागोने जगभरच्या सहकाऱ्यांना संदेश पाठवून विचारले, हा संकेत कोणी मुद्दाम घातलेला तर नाही ना?

हा प्रश्न त्याला विचारता आला, आणि तो ज्येष्ठांनी गंभीरपणे घेतला, ही बाब आम्हाला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते. त्यामागे एक जुनी कथा आहे. सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या जबाबदार लोकांनी उपकरणांत गुपचूप एक खोटा संकेत सोडला होता. बाकी शेकडो शास्त्रज्ञांना तो खरा की खोटा हे माहीत नव्हते. त्यांनी सहा महिने त्याची छाननी केली, शोधनिबंधाचा मसुदा लिहून काढला आणि मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील आर्केडिया येथे सगळे जमल्यावर पाकीट उघडले गेले. संकेत पेरलेला होता. एवढी मेहनत ‘वाया’ गेली म्हणून कोणी रुसून उठले नाही, कारण अशी परीक्षा घेतली जाईल हे सगळ्यांनी आधीच कबूल केलेले होते. चूक शोधणारा माणूस हा घातकी नव्हे, तो कामाचा भाग आहे, हे निरनिराळ्या देशांच्या लोकांनी मिळून ठरवले होते. गॅब्रिएला गोन्झालेझ या अर्जेंटिनात जन्मलेल्या शास्त्रज्ञ 2011 ते 2017 या काळात या शास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेच्या प्रवक्त्या होत्या. ज्या शोधनिबंधाने पहिल्या लहरीची बातमी दिली त्यावर हजाराहून अधिक लोकांची नावे आहेत आणि त्यांत भारतीयही आहेत. एवढी सारी माणसे पाच महिने अधिकृतपणे काही बोलत नाहीत आणि 11 फेब्रुवारी 2016 रोजी एकाच सुरात जाहीर करतात, याला निव्वळ नियम पुरत नाहीत.

हे एकमत जन्मजात नव्हते. 1980 च्या दशकात रेनर वाइस, किप थॉर्न आणि स्कॉटलंडहून आलेले रोनाल्ड ड्रेव्हर अशा तिघांनी मिळून हा प्रकल्प चालवायचा प्रयत्न केला आणि निर्णयच होईनात. वाइस यांचा ओढा मोजमाप करून, आराखडा आखून पुढे जाण्याकडे, तर ड्रेव्हर यांची बुद्धी हाताने करून पाहत, रोज नवी कल्पना काढत चालणारी. दोघेही थोर, पण एकमेकांची रीत त्यांना सोसवेना. 1987 मध्ये एकच संचालक नेमावा लागला, त्यातूनही भांडणे मिटली नाहीत आणि 1992 मध्ये ड्रेव्हर यांना प्रकल्पाबाहेर जावे लागले. ज्या माणसाच्या कल्पनांवर त्या उपकरणाचा मोठा भाग उभा आहे त्याला आपल्यात सामावून घेता आले नाही, ही त्या प्रकल्पाच्या इतिहासातली जखम आहे. 1994 मध्ये बॅरी बॅरिश आले. त्यांनी काम नीट बांधून घेतले आणि 1997 मध्ये वेधशाळा चालवणारी प्रयोगशाळा व संशोधन करणारी जागतिक संघटना अशी विभागणी केली. त्या संघटनेचे दार इतर देशांच्या संस्थांना उघडे ठेवले. पुण्यात आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून गोंगाटातून लहरीचा संकेत वेगळा काढण्याचे गणित करत होते. ते गणित या कामात मिसळू शकले, याला त्या उघड्या दाराचाही हातभार आहे. 2017 चे नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळाले. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

परक्या रीतीच्या माणसासोबत काम म्हणजे काय, हे ज्यांना अगदी जवळून पाहायचे असेल त्यांनी हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचे काम वाचावे. कॉलिन्स यांनी काही दशके गुरुत्वीय लहरींच्या शास्त्रज्ञांमध्ये वावरून त्यांच्या कामाच्या रीती टिपल्या. त्यांनी सांगितलेली नीलम स्फटिकाची हकीकत विलक्षण आहे. मॉस्को विद्यापीठात व्लादिमीर ब्रागिन्स्की यांच्या गटाने दाखवून दिले होते की, नीलमाचा तुकडा टांगून त्याला कंप दिला तर तो फार दीर्घकाळ घुमत राहतो. वेधशाळेतले आरसे कशाचे करावेत यासाठी हे मोजमाप महत्त्वाचे होते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना सुमारे वीस वर्षे ते जमले नाही. रशियनांचे निबंध छापलेले होते, पद्धत लिहिलेली होती, तरी आकडा येईना. साहजिकच काहींना रशियनांच्या आकड्यावरच शंका येऊ लागली. अखेर रशियन शास्त्रज्ञ ग्लासगोला जाऊन तिथल्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसले तेव्हा 1999 च्या सुमारास ते जमले. स्फटिक ज्या धाग्याने टांगायचा तो धागा किंचित तेलकट करावा लागतो. किती, ते कुठल्या निबंधात लिहिलेले नव्हते. रशियन शास्त्रज्ञ तो धागा आपल्या नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून फिरवत असत. अंगाच्या तेलाचा तेवढाच थर बरोबर पडे.

वसमत भागातल्या हळद उत्पादकाला ही गोष्ट सांगितली तर त्याला नवल वाटणार नाही. हळद शिजली की नाही हे तोही काडी टोचून, वास घेऊन, वर आलेला फेस पाहून ओळखतो, आणि नवख्याला ते शिकवायचे तर कढईपाशी शेजारी उभे करूनच शिकवतो.

दुधाळ्याला हीच गोष्ट घडायची आहे. अमेरिकेतून पेट्यांमध्ये भरून येणारे सुटे भाग नकाशाबरहुकूम जोडता येतील, पण हॅनफर्डच्या तंत्रज्ञाच्या बोटांत वीस-पंचवीस वर्षांत मुरलेले ज्ञान पेटीतून येत नाही. ते यायला आपल्या अभियंत्यांना तिकडे जाऊन राहावे लागते आणि तिकडच्या लोकांना इकडे येऊन राहावे लागते. आणि दोघांनीही एकमेकांना ‘मला हे येत नाही, दाखव’ असे संकोच न करता म्हणावे लागते. आपल्याकडे इथेच अडते. कचेरीत, कारखान्यात, विद्यापीठात साहेबासमोर कनिष्ठाने ‘तुमचे चुकते आहे’ म्हणणे हा आपल्याकडे उद्धटपणा ठरतो, आणि ‘मला समजले नाही’ म्हणणे हा कमीपणा. बैठकीत मान हलवायची आणि बाहेर आल्यावर शेजाऱ्याला खरे सांगायचे, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. समोरचा अमेरिकी किंवा जर्मन सहकारी मान हलवण्याला होकार समजतो आणि काम पुढे नेतो. महिन्याभराने चूक उघडी पडते तेव्हा दोघेही एकमेकांना बेजबाबदार ठरवतात.

व्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवतात, पण कोष्टक करून शिकवतात. हॉलंडचे खेर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि 1980 मध्ये ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातले अंतर लोक किती मान्य करतात, याचा त्यांनी काढलेला आकडा भारतासाठी 77 आहे आणि अमेरिकेसाठी 40. आकडा खोटा नाही, त्यातून एक कल सुचतो. पण आयबीएमच्या कचेरीत नोकरी करणारा भारतीय म्हणजे सगळा भारत नव्हे. औंढ्याच्या आठवडी बाजारात भाव करणारी बाई कोणत्या साहेबासमोर गप्प बसते? इंदूरच्या केंद्रातला लेझर-तज्ज्ञ आणि गांधीनगरचा निर्वात-तज्ज्ञ हे एकाच खात्याचे असूनही त्यांच्या बैठकीची रीत एक नसते. तक्ता पाठ करून आलेला अधिकारी समोरच्या माणसाऐवजी तक्त्यातल्या माणसाशी बोलू लागतो, हे आम्हाला सर्वांत घातक वाटते.

त्यापेक्षा साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. कॅलटेक जिथे आहे त्या पॅसाडिनात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात. प्रत्येक बैठक त्यांच्या सकाळी ठेवली तर आपली माणसे कायम पेंगुळलेली आणि घरच्यांची बोलणी खाऊन आलेली. वेळ आलटून-पालटून ठेवा, हे म्हणायचे धाडस आपल्या बाजूच्या प्रमुखाने केले पाहिजे आणि तिकडच्या प्रमुखाला ते आपणहून सुचले पाहिजे. बैठकीत सर्वांत ज्येष्ठाने शेवटी बोलावे, म्हणजे तरुण मुलीला तिचे मत आधी मांडता येते. मतभेद लेखी मांडायची मुभा असावी, कारण ज्याला इंग्रजीत पटकन बोलता येत नाही त्याला बहुधा नीट लिहिता येते. लहान वाटणाऱ्या या सोयी आहेत, पण प्रकल्पातली चूक वेळेवर कोणाच्या तोंडून बाहेर पडते की नाही, हे अशाच सोयींवर ठरते. पुण्याच्या वाहन, यंत्र आणि संगणक कंपन्यांत आपली हिंगोलीची शेकडो पोरे आज जर्मन, जपानी आणि अमेरिकी गटांबरोबर काम करतात. त्यांना विचारून पाहा, तांत्रिक अडचणींपेक्षा अशाच गोष्टी त्यांना जास्त जेरीस आणतात.

हे सारे आपल्या मातीला अगदीच नवे नाही. नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी ‘देव नसेल तिकडे माझे पाय ठेव’ असे सांगितले आणि नामदेव जिकडे पाय ठेवायला जात तिकडे पिंड दिसू लागली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अशीच कथा पंजाबात गुरू नानकांच्या मक्केच्या यात्रेची सांगतात. नामदेव उत्तरेला गेले, पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला दीर्घकाळ राहिले, तिथल्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे रचली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांत विठ्ठलाचे नाव आहे आणि बाहेर काढलेल्या नामदेवांकडे देऊळ फिरल्याचा, औंढ्याच्या देवळाशी जोडला जाणारा प्रसंगही आहे. त्यामुळे औंढ्याला येणाऱ्या पंजाबी भाविकाला ही कथा कोणी समजावून सांगावी लागत नाही. नामदेवांनी भाषा बदलली, वेश आणि गाव बदलले, पण विठ्ठल सोडला नाही. त्यांनी आधी तिथल्या लोकांचे ऐकले असणार, त्याशिवाय परक्या बोलीत इतकी घट्ट रुजणारी पदे होत नाहीत. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा सातशे वर्षांपूर्वीच्या त्या पाहुण्याच्या नावावर मराठी माणसाला पंजाबने आपलेसे केले. परमुलखात जाऊन काम करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने नामदेवांचे चरित्र या नजरेने वाचावे, असे आम्ही मनापासून सुचवतो.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. तिच्याबद्दल फार थोडे बोलले जाते. जागतिक गटाचा प्रमुख म्हटले की तो अमेरिकी, जर्मन, जपानी माणसाशी कसा वागतो एवढेच आपण पाहतो. पण ज्या गावाच्या शिवारात काम उभे राहते त्या गावाशी तो कसा वागतो? लिव्हिंगस्टनची वेधशाळा लुइझियानाच्या पाइनच्या जंगलात आहे आणि आसपास लाकूडतोड हा लोकांच्या पोटाचा धंदा आहे. झाड पडले की जमीन हादरायची आणि आरसे हलायचे. सुरुवातीच्या वर्षांत दिवसा यंत्र नीट चालवताच येत नसे, रात्रीच काय ते निरीक्षण. शास्त्रज्ञांनी लाकूडतोड्यांचा धंदा बंद पाडला नाही. त्यांनी 2004 मध्ये आरशांखाली धक्के शोषून घेणारी नवी यंत्रणा बसवली. हॅनफर्डला तर एकदा उपकरणात विचित्र ठोके उमटू लागले, शोध घेतल्यावर कळले की थंड नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत आहेत. तेव्हा नळीच बंदिस्त केली.

दुधाळ्याच्या पंचक्रोशीत डोमकावळे नसतील, पण विहिरीचे काम आहे, बोअरवेल आहे, खदान आहे, ट्रॅक्टर आहे, हळद काढणीच्या दिवसांतली वाहतूक आहे आणि लग्नाच्या वरातीतला डीजेही आहे. विहीर खोदताना खडकाला सुरुंग लावावा लागतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विहीर म्हणजे काय हे सांगायला नको. उद्या वेधशाळा सुरू झाली आणि अमुक अंतरात सुरुंग नको असे सांगायची वेळ आली, तर ते तहसील कार्यालयाच्या नोटिशीने सांगणार की गावात बसून? नोटीस आली तर गाव ती पाळेल आणि मनातून त्या वेधशाळेला परकी मानेल. वर्षातले कोणते दिवस कामाचे, कोणते शांततेचे, सुरुंग लावायचाच असेल तर आधी कोणाला कळवायचे आणि शेतकऱ्याचा खोळंबा झाला तर त्याची भरपाई कशी, हे गावकऱ्यांसोबत बसून ठरवले तर तेच गाव या उपकरणाची राखण करील. पॅसाडिनातल्या सहकाऱ्याचे मन जपणारा अधिकारी दुधाळ्याच्या सरपंचाला बाहेर ताटकळत ठेवत असेल, तर त्याला ही विद्या आलेली नाही असेच आम्ही म्हणू.

यात भीतीचाही भाग आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीच्या पोटातून येणारे गूढ आवाज लोक अनेक वर्षांपासून ऐकत आले आहेत. 21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच. किल्लारीच्या भूकंपाची 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाड्याच्या आठवणीत अजून ताजी आहे, त्यामुळे असा आवाज झाला की बाया-पोरे घराबाहेर पळतात. अशा भागात चार किलोमीटरच्या नळ्या, लेझर आणि परदेशी शास्त्रज्ञ आल्यावर अफवा उठायला कितीसा वेळ लागणार? हे यंत्र जमिनीला काही करत नाही, ते केवळ ऐकते, हे धक्का बसायच्या आधी, सोप्या मराठीत, शंभरदा सांगितले गेले पाहिजे. आणि पांगऱ्याच्या म्हातारीने ऐकलेल्या आवाजाची नोंदही आदराने घेतली पाहिजे. कधी, किती वेळ, कोणत्या बाजूने हे ती जितके नेमके सांगेल तितके त्या क्षणी दुसरे कोणी सांगणार नाही. भूकंपमापकाचा आलेख आणि तिचे सांगणे शेजारी ठेवून पाहणारा शास्त्रज्ञ गावाचा विश्वास कमावतो.

हेच हळदीच्या व्यापारालाही लागू आहे. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे बीट या दिवसांत जोरात चालू असते. मानांकन मिळाले म्हणून परदेशी खरेदीदार आपोआप येत नाही. त्याला कुरकुमिनचे प्रमाण, कीडनाशकाच्या अंशाचा अहवाल आणि ठरल्या तारखेला ठरला माल लागतो. आपल्याकडे ‘चार दिवस इकडे-तिकडे’ हे समजून घेतले जाते, तिकडे जहाज निघून जाते. उलट, पाऊस लागला आणि वाळवण भिजले तर काय होते, हे त्या खरेदीदाराला कोणी तरी वेळेत आणि न लाजता कळवायला हवे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाने अडचण लपवली की पहिला सौदा निभतो आणि दुसरा होत नाही. त्या संचालकालाही हे शिक्षण हवे आहे, आणि ते मराठीतून हवे आहे.

जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि तंत्रनिकेतनांत आजपासूनच निर्वात तंत्र, अचूक वेल्डिंग, स्वच्छ खोलीतली शिस्त हे विषय सुरू व्हायला हवेत. वेधशाळेच्या नियंत्रण कक्षात रात्रंदिवस पाळीने माणसे लागतात. त्या खुर्च्यांवर औंढा, सेनगाव, कळमनुरीची मुले-मुली बसली नाहीत, आणि आपल्या वाट्याला फाटकावरची राखण आणि बागेची निगा एवढेच आले, तर या प्रकल्पाच्या नेतृत्वाने अर्धेच काम केले असे होईल. येणाऱ्या पाहुण्यांसाठीही मराठीचे चार धडे असावेत. भाव विचारणे, रस्ता विचारणे, आजीला नमस्कार करणे एवढे जरी आले तरी माणसे जवळ येतात.

1 मे हा ग्रामसभेचाही दिवस. दुधाळ्याच्या आणि शेजारच्या गावांच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, घरकुल यांच्या जोडीला यंदा आणखी एक विषय ठेवावा. आयुकाचे आणि अणुऊर्जा विभागाचे अधिकारी तिथे यावेत, समोर सतरंजीवर बसावेत. त्यांनी वेधशाळेचा नकाशा भिंतीवर लावून कोणत्या शेताजवळून नळी जाते ते बोट ठेवून दाखवावे, आणि मग गावकऱ्यांनी विहिरीपासून नोकरीपर्यंत जे विचारायचे ते विचारावे. विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि मिळालेले उत्तर ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि पुढच्या सभेला, 15 ऑगस्टला, तेच इतिवृत्त सर्वांत आधी वाचले जावे.